मुठीची तूर

संस्थानच्या शेतकी खात्यात माझ्या हुद्द्याचं नाव होतं ‘शेतकी कामगार’. गावोगाव लोक विचारत, "कामगार म्हंजे तुमी नक्की काय काम करता?" नोकरी संपेपर्यंत या प्रश्नाचं धड उत्तर मला देता आलं नाही. रान दुसऱ्याचं, बैल दुसऱ्याचे, घामही दुसऱ्याचा. आपण बांधावर उभं राहून सांगायचं, की असं करा, तसं करा. भोरात आमच्या आळीतले एक म्हातारे मला ‘पगारी बुजगावणं’ म्हणत. वर पुस्ती जोडत, की बुजगावण्याला निदान पाखरं तरी भितात.

दिवाळी अंकासाठी काही लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा आधी हे म्हातारे आठवले आणि त्यांच्या मागोमाग भोंगवलीची सोनाबाई आठवली. तिचीच हकिकत सांगतो. पण ज्यांनी बाजरी फक्त भाकरीच्या रूपात पाहिली आहे, त्यांच्यासाठी आधी थोडं शेतातलं सांगायला हवं.

भोरच्या पूर्वेकडं, भोंगवलीच्या अंगाला, पाऊस बेताचा आणि जमीन हलकी. तिथं बाजरी. पश्चिमेकडं राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्याच्या बाजूला पाऊस धो धो, तिथं भात आणि डोंगरउतारावर नाचणी. एकाच संस्थानात इकडचा माणूस ढगाकडं डोळे लावून बसलेला आणि तिकडचा छपराकडं. माझी फिरती दोन्हीकडं असे. नसरापूरपर्यंत कधी सर्व्हिस मोटार मिळे, पुढं बैलगाडी नाहीतर पाय.

कोरडवाहू शेतकरी नुसती बाजरी कधीच पेरत नसे. तिच्यात तूर, मटकी, हुलगा असं काहीतरी कडधान्य घालायचाच. त्याला म्हणायचं इरवड. यात शहाणपण होतं. बाजरी लवकर येते, तूर उशिरा. बाजरी वरवरची ओल पिते, तूर खोल मुळ्या सोडून खालची ओल शोधते. वर तिच्या मुळांच्या गाठी जमिनीला कस देतात, पाला गळून खत होतं. शिवाय दोघींवर एकदम संकट सहसा येत नाही. एक गेली तर दुसरी घर धरते. हे मी शेतकी शाळेत शिकलो आणि मग ज्यांना ते आजोबांपासून माहीत होतं त्यांना शिकवायला निघालो. नोकरी म्हटली की असं चालायचंच.

मग आमच्या खात्याचं नवं काय होतं? जुन्या रीतीत इरवड दाट पडे आणि गचपण होई. बाजरी उंच वाढून तुरीला दाबून टाकी. आमचं म्हणणं एवढंच, की तुरीला तिची स्वतःची मोकळी ओळ द्या. पाभरीच्या, म्हणजे पेरणीच्या औताच्या, चार फणांपैकी एका फणातून फक्त तूर पडू द्या, शेजारची बाजरी थोडी विरळ ठेवा, आणि मटकी-हुलग्याचा काला त्यात घालू नका. बाजरी जरा कमी होईल, पण तूर इतकी फुटेल की दोन्ही मिळून रान जास्त देईल. पद्धत चांगली होती. आजही मी तसंच सांगेन.

हे गळी उतरवायचं तर गप्पा मारून भागत नसे. एखाद्याच्या रानाचा तुकडा मागून घ्यायचा, त्यात आपल्या रीतीनं पेरून दाखवायचं, शेजारी त्याची जुनी रीत ठेवायची, आणि तोंड बंद ठेवून पीक बोलायची वाट बघायची. वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावर मी असाच नाचणीत उडदाचा तुकडा केला होता. पुढच्या फेरीला गेलो तर जमीन चाटून पुसून साफ. वाड्यातले बाबा शांतपणे म्हणाले, "पीक झ्याक हुतं सायेब. शेरडांना लई आवडलं." माझ्या सगळ्या नोकरीत इतका स्पष्ट अभिप्राय दुसऱ्या कुणी दिला नाही.

भोंगवलीत मला कोंडिबा भेटला. वयानं माझ्याहून थोडा मोठा, अंगानं दणकट, आणि नव्या गोष्टीची भारी हौस. चाड्यावर मूठ धरावी तर कोंडिबानंच. पाभरीवरचं लाकडी वाडगं म्हणजे चाडं. त्यात मुठीतून बी सारखं, तुटक न होता सोडत राहायचं ही कसबाची गोष्ट आहे. मी म्हटलं तुकडा द्या. तो म्हणाला, तुकडा कशाला, अख्खं बांधाकडचं रान घ्या.

पेरणीच्या दिवशी त्याची बायको सोनाबाई नेहमीसारखी तयार होऊन आली. कमरेला बियाण्याची ओटी, हातात बांबूचा नळा. तिकडची रीत अशी, की पाभर पुरुषानं चालवायची आणि इरवड बाईनं पेरायची. पाभरीच्या मागं दोरीनं बांधलेला एक नळा असतो, तो धरून बाई काकरीतनं चालते आणि मुठीनं त्यात तूर-मटकी सोडते. कोंडिबानं मात्र त्या दिवशी तो नळा बांधलाच नाही. तुरीसाठी चाड्यात आम्ही वेगळा कप्पा बसवला होता, एकटा माणूस दोन्ही पेरू शकत होता. तो तिला म्हणाला, "बस सावलीला. तुजं काम गेलं यंदा." त्यानं ते लाडानंच म्हटलं होतं. सोनाबाई बांधावरच्या बाभळीखाली ओटी तशीच बांधून दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. मी फणांच्या भोकात गुंतलो होतो.

त्या वर्षी बाजरी ऐन फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला. बाजरीचा फुलोरा धुऊन गेला की कणसं नुसती दिसायला राहतात. गावभर तीच तऱ्हा. पण कोंडिबाची तूर पौषात अशी लगडली, की आसपासच्या गावांतली माणसं बघायला आली. रस्त्यानं जाणाऱ्याला कोंडिबा हाताला धरून रानात नेई आणि माझी ओळख करून देई. लग्नातल्या नवरदेवासारखा मी बांधावर उभा असे. तूर नसरापूरच्या बाजाराला गेली आणि तिथून दावणीला एक खोंड आलं. आमचे इन्स्पेक्टरसाहेब माझ्या पाठीवर थाप देऊन गेले.

मी पुढच्या फेरीला गेलो तेव्हा नवरा-बायकोत बोलणं बंद होतं. कोंडिबानंच मला मधे घेतलं. सोनाबाई तिची इरवड मागत होती. कारण रिवाज असा होता, की बाईच्या मुठीनं जे पेरलं ते बाईचं. बाजरी घराची, कणगीत जायची. इरवडीचं कडधान्य मात्र तिचं. ती शिजवील, वाटील, विकून बांगड्या भरील, तिला कुणी विचारायचं नाही. पण यंदा तिनं पेरलंच कुठं होतं? कोंडिबा म्हणाला, "रान माजं, बैल माजं, मूठ बी माजीच. मग तूर कुनाची? तुमीच सांगा सायेब."

एकरी किती पिकेल याचं उत्तर माझ्याकडं होतं, पिकलेलं कुणाचं याचं नव्हतं.

कोंडिबा कवडीचुंबक नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्यानं आपण होऊन तिला इतकी तूर काढून दिली, जितकी तिला आजवर कधी झाली नव्हती. आणि ती तूर कुठं जाणार हेही त्याला माहीत होतं. सोनाबाईची आई, धुरपदाबाई, गुंजवण्यात एकटी राहत असे. नवरा नाही, मुलगा नाही. थोडं खाचर होतं ते पुतण्याकडं वाट्यानं. तो भात देई, बाकी काही नाही. कडधान्य येई ते भोंगवलीहून, लेकीच्या इरवडीतलं. माझी फिरती गुंजवण्याला होतीच, तेव्हा गाठोडं माझ्याकडं आलं.

धुरपदाबाईचं घर गावाच्या वरच्या टोकाला होतं. म्हातारी बारीक, पण ताठ. मी लेकीची खुशाली सांगितली, गाठोडं पुढं केलं. तिनं गाठ सोडली, तुरीत हात घातला, दाणा टपोरा बघून खूश झाली आणि म्हणाली, "लई झाली की यंदा. कुनाच्या मुठीची?"

मला वाटलं, बाई पिकाची चौकशी करतेय. मी हौसेनं सगळं सांगितलं: मोकळी ओळ, चाड्यातला कप्पा, बाईमाणसाचे वाचलेले कष्ट. मी सांगत गेलो तशी तिचा हात तुरीतनं हळूहळू बाहेर आला. तिनं पुन्हा गाठ मारली, चांगली घट्ट, आणि गाठोडं माझ्याकडं सरकवलं.

"ही जावयाच्या कणगीतली हाय," ती म्हणाली. "माघारी न्यावा."

लेकीच्या घरचं आईबापांनी खाऊ नये, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. दिलेल्या घरचा दाणा माघारी घेतला तर लेकीची मान खाली जाते, असं मानतात. पण इरवड या नियमाच्या बाहेर होती. ती ना सासरची ना माहेरची. लेक रानात चालली, तिनं मुठीनं बी सोडलं, म्हणजे ते तिच्या एकटीचं. त्यातलं आईनं खाल्लं तर कमीपणा नाही. या एवढ्याशा फटीतून ती म्हातारी इतकी वर्षं मान वर ठेवून वरण खात आली होती. ती फट आमच्या सुधारलेल्या पद्धतीनं नकळत बुजवली होती.

मी आर्जवं केली. लेकीनंच पाठवलीय म्हटलं. ती हसली. "लेकीनं धाडली, पर लेकीची न्हाई. भात हाय, मीठ हाय. माजं काय अडत न्हाई." मी गाठोडं उचललं आणि सबंध उतार चिडचिड करत उतरलो. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला त्या म्हातारीचा रागच आला होता.

भोंगवलीला सोनाबाईनं ते गाठोडं बघितलं आणि तूर कोंडिबाच्या कणगीत ओतली. कोंडिबाला ते फार लागलं. मी दिलेला दाणा काय विटाळलेला आहे, असं तो सारखा म्हणत राहिला.

मला यातून सोपी वाट दिसत होती. ओळ आमच्याच पद्धतीची ठेवायची, फक्त त्या ओळीत चाड्याऐवजी पुन्हा सोनाबाईचा नळा चालवायचा. पीक तेवढंच येईल. मी हे कोंडिबाला सांगितलं. तो म्हणाला, तिच्या मुठीनं पेरली तर सगळी तूर तिची होईल. पूर्वी इरवड म्हणजे गाडग्या-मडक्यातला ऐवज, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आता तूर बाजरीला भारी झाली होती. मी म्हटलं, मग अर्धी तिची धरा.

"अर्धी मूठ कशी करायची सायेब?" तो म्हणाला. "मुठीचं ते मुठीचं."

तेव्हा मला हा माणूस कळला. रिवाज मोडायची त्याची छाती नव्हती, म्हणून तो बायकोच्या हातात नळाच येऊ देत नव्हता. पुढं नोकरीत मी हे पुष्कळदा पाहिलं. एखादी गोष्ट किरकोळ असते तोवर ती बाईची असते, आणि ती पैसा देऊ लागली की घराची होते. पैसा वाईट असं मी म्हणत नाही. त्या खोंडामुळं कोंडिबाचं रान वेळेवर नांगरलं गेलं. पण आम्ही पीक वाढवणारी माणसं कधी मागं वळून बघत नव्हतो, की वाढलेलं कुणाच्या अंगणातून उठून कुणाच्या अंगणात गेलं.

उन्हाळा गेला. पेरणीच्या तोंडाला मी भाताच्या रोपांसाठी गुंजवण्याला गेलो, तेव्हा धुरपदाबाई ओट्यावर बसून होती. पाय सुजले होते. जुनी तूर चैत्रातच संपली होती. "भात हाय की," ती म्हणाली, आणि लेकीची चौकशी करत राहिली. या वेळी मला राग आला नाही. भोंगवलीला जाऊन मी कोंडिबाला बाजूला घेतलं आणि जे पाहिलं ते सांगितलं. सोनाबाई चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. ती उठून गोठ्यात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी कोंडिबा एकटा गुंजवण्याला गेला. सासूला घेऊनच येतो, म्हणाला. परत आला तो एकटाच. तिथं काय झालं ते त्यानं मला रानाच्या बांधावर सांगितलं, माझ्याकडं न बघता.

म्हातारीनं जावयाला बघून पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी अंथरली. इकडं चला म्हटल्यावर नाही म्हणाली, तेही हसून. मग जेवायला वाढलं. भात, त्यावर वरण, वर तुपाची धार. जावई आला आणि पानात वरण नाही, असं कसं चालेल? कोंडिबा मागून मागून जेवला. हात धुवायला बाहेर आला तेवढ्यात शेजारीण दाराशी आली आणि म्हणाली, "धुरपदाबाय, माजी वाटी मोकळी झाली का? डाळ पुरली न्हवं जावयास्नी?"

"म्या मागारी वळून बगितलं," कोंडिबा म्हणाला. "मामी चुलीमागं बसून मीठभात खात हुत्या." मग म्हणाला, "माजं गाठोडंभर माघारी धाडलं, आन मला वाढाया दारोदार वाटी घिऊन गेल्या. आन म्या दोनदा मागून घेतलं सायेब."

त्याच आठवड्यात पेरणी झाली. मी होतो. कोंडिबानं पाभर आमच्या पद्धतीनं चालवली, चाड्यात कप्पा होता, सगळं बिनचूक. सोनाबाई बाभळीखाली बसली होती, गेल्या वर्षीसारखीच, पण या वेळी ओटी न बांधता. बांधाकडच्या शेवटच्या पट्ट्याला आल्यावर कोंडिबानं बैल थांबवले. चाड्यातला तुरीचा कप्पा रिकामा केला, ती तूर धोतराच्या सोग्यात घेतली आणि चालत बाभळीपर्यंत गेला. तिच्या पदरात ती ओतून परत आला. मग पाभरीच्या मागं त्यानं दोरीनं नळा बांधला. जुना नळा तो घरून घेऊनच आला होता, मला दिसला नव्हता इतकंच. सोनाबाई उठली, पदर खोचला आणि नळा धरून चालू लागली. पट्टा संपेपर्यंत मी विनाकारण पायानं ढेकळं फोडत होतो, कारण माझे डोळे भरले होते.

थंडीत इन्स्पेक्टरसाहेब पाहणीला आले. रान बघून खूश झाले, पण बांधाकडं येताच थबकले. सगळ्या ओळी दोरी मारल्यासारख्या आणि एवढाच पट्टा वाकडातिकडा, तुरीत मटकीसुद्धा घुसलेली. मागाहून मटकी टोकून सोनाबाईनं आपला पट्टा पुरा जुन्या रीतीचा केला होता. साहेबांनी कोंडिबाला विचारलं, इथं पद्धत का मोडली.

"त्ये मला इचारू नगा सायेब," कोंडिबा म्हणाला. "रान माजं हाय, पर पीक माजं न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी शेजारच्या रानातल्या पाखरांकडं पाहिलं. शेवटी बुजगावणंच मी.

पौष सरल्यावर गुंजवण्याला निघालो तेव्हा सोनाबाईनं गाठोडं दिलं. या वेळी मी विचारायच्या आतच ती म्हणाली, "आयला सांगा, माज्या मुठीची हाय." मी नमस्कार करून वळलो, तर कोंडिबा वेशीपर्यंत मागं आला. त्यानं कोपरीच्या खिशातनं एक बारकी पुरचुंडी काढली. कणगीतली डाळ, वाटीभर असेल. सासूला द्यायची नाही, म्हणाला. शेजारणीला द्यायची. तिची उसनी डाळ त्यानं खाल्ली होती, ती फेडायची होती.

धुरपदाबाईनं गाठ सोडली, हात घातला, आणि तोच प्रश्न विचारला. मी या वेळी पद्धत वगैरे काही समजावली नाही. सोनाबाईच्या मुठीची, एवढंच सांगितलं. तिनं मटकी बघितली, दाण्यांवरून हात फिरवला, आणि माझ्याकडं पाठ करून चुलीवर पाणी ठेवलं. जेवूनच जा म्हणाली. पाठ वळवलेली असली तरी ती रडत होती हे मला कळत होतं.

मग मी पुरचुंडी काढली आणि शेजारणीचं घर कुठलं ते विचारलं. कुणाची, कशाची, ते सांगावं लागलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. जावयाला सगळं कळलं होतं, हे तिला तेव्हाच कळलं. ती उठली, पुढं आली आणि पदर पसरला.

"आना हिकडं," ती म्हणाली. "जावयाची उसनवारी हाय. फेडाया म्याच जाते."

जावयाच्या कणगीतला दाणा तिनं आयुष्यात पहिल्यांदा पदरात घेतला, आणि सुजल्या पायांनी शेजारच्या दाराकडं निघाली. मी चुलीवरच्या पाण्याकडं लक्ष ठेवत बसलो.